लाल शाईची दुरुस्ती

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची मला कधी फारशी लाज वाटली नाही. रागावणारी बाई मुलांच्या लक्षात राहते, अशी माझी समजूत. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ती मी शांतपणे, एका साध्या वाक्यात केली. त्या वेळी मला रागसुद्धा आलेला नव्हता.

मी मराठीची. राहते शुक्रवार पेठेत, शाळा पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत. वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, तरी माझ्या हाताखालून गेल्यावर त्यांचं ऱ्हस्वदीर्घ चुकत नाही. दर जूनमध्ये नवी पुस्तकं आली की मुलांच्या आधी मी ती लाल पेन घेऊन वाचायची. छपाईच्या चुका हेरण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. मग वर्गात पुस्तकं उघडायला लावायची, "पान बारा, ओळ सात" म्हणायचं, की साठ पेनं एकदम चालायची. बाईंचं शुद्धिपत्र म्हणून शाळेत त्याला नाव होतं. इतर शिक्षक थट्टा करायचे, पण आपापली पुस्तकं गुपचूप माझ्याकडून तपासून न्यायचे. मला ते आवडायचं. पुस्तकसुद्धा चुकतं आणि मी ते पकडते, ही हवा डोक्यात शिरायला फार वर्षं लागत नाहीत.

पाच वर्षांपूर्वी आमचे विज्ञानाचे सर अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. म्हणाले, "बाई, दोन महिन्यांचा प्रश्न हाय. आठवीचं विज्ञान तुमी घ्या. वाचून शिकवायचं की, त्यात काय?"

दोन महिन्यांचं पुरं वर्ष झालं. पण खरं सांगते, अणूचा धडा आला तेव्हा मी हरखून गेले. इतक्या बारीक कणाच्या पोटात एवढा संसार असतो, हे मला कोणी कधी नीट सांगितलंच नव्हतं. मधोमध प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन. प्रोटॉनवर धनप्रभार, इलेक्ट्रॉनवर तेवढाच ऋणप्रभार, न्यूट्रॉनवर काहीच नाही. अधिक आणि वजा सारखेच, म्हणून अख्खा अणू बाहेरून कोरा. मी हे कविता शिकवावी तसं शिकवलं.

आधी कंगव्याचा प्रयोग केला. केसांतून कंगवा फिरवायचा आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्यायचा. कपटे उडी मारून चिकटायला हवेत. पण आमच्या पोरी डोक्यावर खोबरेल थापून येणाऱ्या. दहा जणींनी कंगवे फिरवले, एक कपटा हलेल तर शपथ. शेवटी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, मी आज न्हालीय," म्हणाली. तिच्या कंगव्याला कपट्यांचा घोसच लागला. सगळा वर्ग ओरडला. जिच्याबद्दल सांगायचंय, ती हीच मुलगी. वडील टॉवेलच्या मागावर कामाला, घरी धाकटी बहीण. बोलायची कमी, पण पाहायची फार.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला मैदानावर नेलं आणि मुलांचाच अणू केला. लिथिअमचा, कारण त्याला फक्त दहा मुलं लागतात. तिघांच्या गळ्यात अधिक लिहिलेली लाल पुठ्ठ्याची पाटी, ते प्रोटॉन. चौघांच्या गळ्यात कोरी पाटी, ते न्यूट्रॉन. तिघींच्या गळ्यात वजाची निळी पाटी, त्या भोवती फिरणाऱ्या. एक न्यूट्रॉन कुरकुरला, "बाई, मी काय करू?" मी म्हटलं, "गप उभा राहा, तेच तुझं काम." सगळे हसले. फार छान तास चालला होता.

मग मी म्हटलं, आता यातला एक इलेक्ट्रॉन बाहेर जाणार. निळ्या पाटीवाल्या तिघींत ती न्हालेली मुलगी होती. तिला कोपऱ्यातल्या कडुलिंबाखाली जाऊन उभं राहायला सांगितलं आणि वर्गाला विचारलं, "आता अणूवर कोणता प्रभार आला?"

उत्तर मला पक्कं ठाऊक होतं. धड्याचा पुढचा भाग मी अजून वाचला नव्हता, पण वाचायचं काय त्यात? काहीतरी गेलं म्हणजे कमी झालं. कमी झालं म्हणजे वजा. मी एक चालीतली ओळही रचून आणली होती: एक गेला, वजा झाला, एक आला, अधिक झाला. मुलांनी ती टाळ्यांवर धरली.

लिंबाखालून आवाज आला, "बाई, आत अधिक जास्त झालेत की."

"काय?"

"तीन लाल हायत. निळ्या दोनच राहिल्या."

बाहेर उभ्या असलेल्या तिला आतलं सगळं दिसत होतं. मी मात्र अणूच्या मधोमध उभी राहून तिला म्हटलं, "गेलं म्हणजे वजा. एवढं पहिलीतल्या पोराला कळतं. तू आठवीत कशी आलीस?" पोरं खो खो हसली. घंटा होईपर्यंत मी तिला तिथेच उभं ठेवलं.

त्या रात्री घरी धड्याचा पुढचा भाग वाचला. छापलं होतं: अणूने इलेक्ट्रॉन गमावला की तो धनप्रभारित होतो. आता कोणत्याही माणसाने काय केलं असतं? थांबला असता, दोनदा वाचलं असतं, तीन आणि दोन बोटांवर मोजले असते. मी काय केलं? मी खूश झाले. चूक सापडली म्हणून. लाल पेन उचललं, 'धन' खोडलं, वर 'ऋण' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र. पान सांगितलं, ओळ सांगितली, साठांतली एकोणसाठ पेनं चालली. तिसऱ्या बाकावरचं पेन चाललं नाही.

"का गं, शाई संपली?"

ती उभी राहिली. "बाई, बरोबर छापलंय."

रस्त्यापलीकडच्या कारखान्यातल्या मागांची खटखट तेवढी येत होती. मी तिच्या बाकापाशी गेले, पुस्तक ओढून घेतलं आणि स्वतःच्या हाताने 'धन' खोडून वर 'ऋण' लिहिलं. माझा ऋ जरा दिमाखदार आहे. खालची शेपटी मी लांब ओढते, ऋचीच काय, सगळ्या अक्षरांची, फळ्यावरसुद्धा. बाकीच्यांनी आपापल्या हाताने निळ्या शाईत लिहिलं. तिच्या एकटीच्या पुस्तकात माझं अक्षर गेलं, तेही लाल.

पुढच्या महिन्यात शाळाशाळांची विज्ञान प्रश्नमंजूषा होती. आमच्याकडून मी तिलाच निवडलं. दुसरं कोणी तिच्या पासंगालाही पुरलं नसतं हे एक, आणि बाई मनात काही ठेवत नाहीत हे मला दाखवायचं होतं हे दुसरं. रोज मधल्या सुट्टीत तिची तयारी घ्यायची. एकदा डबा खाता खाता ती म्हणाली, "नान्ना म्हणालेत, पहिली आलीस तर अकरावीला सायन्स. न्हाय तर न्हाय." त्यांच्यात वडिलांना नान्ना म्हणतात. मी म्हटलं, "मग येशीलच की. फक्त मी सांगते तेवढं पाठ ठेव." आणि ती चालीतली ओळ तिच्याकडून पुन्हा म्हणून घेतली. तिने म्हटली. मला वाटलं, आली ताळ्यावर.

स्पर्धेच्या दिवशी तिचे वडील अर्धी पाळी टाकून आले होते. इस्त्रीचा शर्ट होता, पण केसांत कापसाची लव तशीच. ते मागच्या रांगेत बसले, मी पहिल्या. शेवटी दोघंच उरले, आमची ती आणि दुसऱ्या शाळेचा एक मुलगा, गुण सारखे. परीक्षक एका कॉलेजातले वयस्कर प्राध्यापक होते, स्वभावाने मायाळू. त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला: "लिथिअमच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन निघून गेला, तर उरलेल्यावर कोणता प्रभार असेल?"

घंटी तिने आधी वाजवली. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, धीर हवाय पोरीला. मी मान डोलावली.

"ऋण," ती म्हणाली.

"नाही बाळ," परीक्षक म्हणाले. त्या मुलाने "धन" म्हटलं आणि टाळ्या पडल्या. एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. पण ते हाडाचे शिक्षक. त्यांनी तिला जवळ बोलावलं, एका हाताची तीन बोटं उभी केली, दुसऱ्याची दोन. "हे बघ, तीन अधिक, दोन वजा. जो निघून गेला तो स्वतःच वजा होता ना? वजा घर सोडून गेला, मग घरात कोण जास्त उरलं?"

मी त्यांची बोटं पाहत होते. तीन आणि दोन. लिंबाखालून ती हेच म्हणाली होती. माझ्या कानांतून वाफ निघावी इतके कान तापले.

"पुस्तकात दिलंय बघ," ते म्हणाले. दप्तर तिच्या खुर्चीलाच टेकलेलं होतं. तिने पुस्तक काढलं, पान काढलं, आणि ते देताना तिचा हात मध्येच थांबला, हे मी पाहिलं. त्यांनी पुस्तक घेतलं, चष्मा वर केला. "अरेरे, हे कोणी खोडलं?"

ती गप्प राहिली.

मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मी उठले, आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा माझ्या वर्गातल्या आवाजात म्हणाले, "हल्लीची मुलं पुस्तकांत काहीही खोडाखोड करतात हो, सर."

काही लोक हसले. मी खाली बसले. पोरीने मान वर केली नाही. माझ्याकडे बोट दाखवलं असतं, रडली असती, तर मला तिच्यावर चिडता तरी आलं असतं.

बाहेर व्हरांड्यात तिचे वडील हात जोडून माझी वाट पाहत होते. "बाई, माफ करा," म्हणाले. "पोरगी आगाव हाय. सरकारी पुस्तक, त्यात गिरगाटा करती." आणि माझ्यादेखत, आजूबाजूच्या चार पालकांदेखत, त्यांनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आणि मी काय म्हणाले? "असू द्या, असू द्या, लहान आहे." मी तिला क्षमा केली! माफी घेतली आणि क्षमाही केली. रिक्षात बसून घरी आले, आणि जेवलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी तिला जिन्यात गाठलं. "तुला बरोबर उत्तर माहीत होतं ना? मग तिथे चूक का सांगितलंस?"

तिने जरा विचार केला. "तुमी समोर बसलेल्या की, बाई," म्हणाली, आणि वर्गात गेली.

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. साठ मुलं समोर होती, एक वाक्य पुरलं असतं. मी फळ्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "त्या ओळीबद्दल नवीन सूचना आली आहे. पुन्हा 'धन' करून घ्या." कुठली सूचना आणि कोणाची? मुलांनी निमूट खोडलं. तिने पुस्तक उघडलंही नाही, आणि या खेपेला मी तिच्या बाकापाशी गेले नाही. वर्षअखेरीला पुस्तकं परत गोळा केली, तेव्हा तिचं आलं नाही. मी विचारलं नाही.

ती पुढे दहावी झाली, चांगल्या गुणांनी. निकालाच्या दिवशी पेढा द्यायला आली होती. मी विचारायचं टाळलं; तीच म्हणाली, "कॉमर्स घेतलंय." मी म्हटलं, "छान, त्यातही स्कोप आहे." पेढा खणात ठेवून दिला.

आता शाळेत विज्ञानाच्या रीतसर बाई आहेत. मी माझ्या मराठीत परत आले. शुद्धिपत्र मी त्याच वर्षी बंद केलं. कारण विचारलं तर डोळ्यांचा त्रास सांगते.

गेल्या महिन्यात त्या बाई रजेवर होत्या, आणि आठवीचा ऑफ तास माझ्यावर आला. यंदा पुस्तकं कमी आलीत, म्हणून बऱ्याच मुलांकडे घरातली जुनी आहेत. मी बाकांमधून फिरत होते. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीसमोर अणूचा धडा उघडा होता आणि त्यात लाल शाईत लांब शेपटीचा ऋ होता. पाच वर्षांत शाई जराशीही फिकी झालेली नव्हती.

"हे पुस्तक कोणाचं?"

"अक्काचं," ती म्हणाली. तेच डोळे.

खिशातलं पेन माझ्या हातात कधी आलं ते कळलं नाही. मी वाकले, तशी तिने पटकन त्या ओळीवर पंजा ठेवला. आणि मग, मोठ्या माणसाला नाही म्हटल्याबद्दल ओशाळून, म्हणाली, "अक्कानं सांगितलंय, हात लावायचा न्हाय. ज्यानं लिवलंय त्यानंच खोडायचं."

लिहिणारी मीच तिथे पेन घेऊन उभी होते. पेन खिशात ठेवलं, आणि तिला घराचा पत्ता विचारला.

शनिवारी शाळा सुटल्यावर गेले. आता त्यांनी घरातच, पुढच्या खोलीत, दोन माग टाकलेत. खटखटीत माझी हाक ऐकू जाईना. मी दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी पाहिलं. दोन्ही माग बंद केले. इतका वेळ आवाज असताना जे बोलणं सोपं वाटलं होतं, ते एकाएकी अवघड झालं.

"बाई, तुमी कशाला आला? सांगावा धाडायचा की, मीच आलो असतो," म्हणत त्यांनी खुर्ची पुसली. मी बसले नाही. बसले तर चहा येईल, विषय निघतील आणि मी घरी परत जाईन, हे मला माझ्याबद्दल माहीत होतं.

"त्या स्पर्धेच्या दिवशी," मी म्हणाले, "पुस्तकातली खाडाखोड तिची नव्हती. मी केली होती. आणि खोटं बोलले. तिला बरोबर येत होतं, मीच चुकीचं शिकवलं होतं. तुम्ही माझी माफी मागितलीत, आणि मी ती मागू दिली."

ते मागाच्या लाकडावरची लव बोटाने झटकत राहिले. मग म्हणाले, "म्हाईत हाय की, बाई."

मला वाटलं, मुलीने सांगितलं असेल.

"तिनं न्हाय सांगितलं. मीच बघितलं. परीक्षकानं पुस्तक वर धरलं तवा कळलं न्हाय, पर नंतर हातात आलं. मला मराठी लई वाचता येत न्हाय. पर प्रगतिपुस्तकात दरसाल तुमचं लिवलेलं बघतोय. ती शेपटी वळखू येती."

"व्हरांड्यात? तेव्हाच?"

"व्हय."

"मग तिला का मारलंत?"

"चार मानसं बघत होती, बाई. तुमास्नी खोटं पाडायचं कसं? शिकवनाऱ्या तुमी. पोर काय, घरची हाय, सांगू नंतर, म्हटलं. ऱ्हाऊन गेलं. सायन्सचं बी तसंच. पहिली आली न्हाय तरी मी घे म्हणत होतो. तीच म्हणाली, नको."

म्हणजे त्या दिवशी खरं काय ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पोरीने बाईसाठी चूक उत्तर दिलं, बापाने बाईसाठी पोरीला मारलं, आणि बाई खुर्चीत बसून राहिली. इतक्या वर्षांत मी या माणसाला भोळा समजत होते, आणि त्यातच माझा थोडाफार आसरा होता. तोही गेला.

"तिला अजून वाटतं, मला काईच ठावं न्हाय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बापानंबी खरं मानलं न्हाय, असं वाटत असंल तिला. तुमी आलाच हायत तर... मला एकट्याला जमंना झालंय."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते. मी विचारलं, ती कधी येते. ते म्हणाले, चारला, कॉलेज सुटल्यावर.

फळीवर बहिणींची पुस्तकं होती. विज्ञानाचं काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं, उघडलं मात्र नाही. मग ते मागाशेजारच्या स्टुलावर बसले, आणि मी त्यांनी पुसलेल्या खुर्चीवर. माग त्यांनी पुन्हा चालू केले नाहीत. आम्ही दोघं दाराकडे पाहत बसलो.